डावा गाल

ट्यूब तीच आहे. निळं झाकण,
तळाला चेपून उमटवलेली मुदत, तीही अजून आठ महिने लांब.
सहा वर्षं, दर दोन महिन्यांना एक.
छत्तीस ट्यूबा जिरल्या या चेहऱ्यात.

पहिल्या महिन्यात काय कौतुक होतं!
सिन्नरच्या पोस्टात तिकिटांची पानं मोजता मोजता
वैजयंता गांगुर्डे मधेच थांबली,
"काय गं, काही नवीन?"
मी "छे" म्हटलं, आणि दिवसभर
काउंटरच्या काचेत, पलीकडच्या गिऱ्हाइकाच्या शर्टावर
स्वतःलाच शोधत राहिले.

आता कोणी मोजणं थांबवत नाही.
मीही काचेत बघते ते गिऱ्हाइकाकडेच.

इंदिरानगरला भामरे मेडिकलमध्ये विचारलं,
"फार दिवस लावली की हिचा गुण जातो का हो?
कातडीला सवय होते म्हणतात."
भामऱ्यांनी चष्मा कपाळावर चढवला.
"सगळे हेच विचारतात, ताई, आणि दुसरी घेऊन जातात.
मला काय, मी दुसरी देतो.
पण तुम्ही एक करा.
महिनाभर अर्ध्या चेहऱ्याला लावू नका."

कुठला अर्धा, ते त्यांनी सांगितलं नाही.
मी डावा ठरवला. उगीच.

उगीच नव्हता तो, हे नंतर कळलं.
सात पाचची बस मी द्वारकेला धरते,
डावीकडची खिडकी, पुढून चौथी.
सकाळी मोहदरी घाटापर्यंत ऊन डाव्या गालावर.
संध्याकाळी सूर्य पलीकडे गेलेला,
पण बसनेही तोंड फिरवलेलं,
म्हणून पुन्हा डाव्याच गालावर.
सहा वर्षं येता-जाता एकच गाल भाजत होता
आणि मला पत्ता नव्हता.
ट्यूबला असावा.

आठव्या दिवशी तिथे हात खरखरला.
एकोणिसाव्या दिवशी, चूळ भरताना,
आरशात वांग.
तोच, गालफडाच्या हाडावरचा,
चिंचोक्याएवढा, एका बाजूला फाटलेला.
त्याला मी विसरले होते.
तो मला विसरला नव्हता,
आत कुठेतरी बूड टेकून बसला होता,
दाराशी कोण उभं आहे, हलतंय का, ते बघत.

एकतीस तारखेला वैजयंता,
जी माझ्या डावीकडेच बसते,
मोजता मोजता थांबली.
"बरं नाही का गं तुला?"

पळशाच्या पुढे कधी कधी
दुसरी बस बरोबरीने येते.
तेवढाच वेग. तिच्या खिडकीतली बाई
पदराने घाम पुसते, केळं सोलते,
आणि जागच्या जागी बसलेली दिसते, जणू
दोन्ही बसा उभ्याच आहेत
आणि मागे पळतायत ती फक्त शेतं.
मी एक्केचाळीसची होते तेव्हा पहिली ट्यूब घेतली.
आता सत्तेचाळीस.
मी पुढे जात राहिले, ती शेजारून येत राहिली,
आणि मी म्हणत राहिले, ही हलतच नाही.

मग ती मागे पडली. एक महिना.

हे सगळं भामऱ्यांना सांगायचं होतं,
पण दुकानात गर्दी होती,
एक मुलगी काउंटरवर पाच डब्या ओळीने मांडून
"यातली कुठली लवकर?" विचारत होती.
माझ्याकडे न बघताच त्यांनी
निळ्या झाकणाची काढून पुढे सरकवली.
सदतिसावी. सुटे तीन रुपये राहिले, म्हणाले, पुढच्या वेळी द्या.

सकाळी उजवीकडची खिडकी पाहिली.
तिथे एक पोरगा काचेला डोकं टेकून झोपलेला,
तोंड उघडं, गालावर नुकती फुटलेली मिसरूड.
सावलीत होता.
मी डावीकडेच बसले.
शिंदे गेल्यावर ऊन आलं, नेहमीसारखं,
आणि मी गाल फिरवला नाही.